कात्रीला सापडलेलं वाक्य

१७ जानेवारी. संक्रांत झाली की दुकानाला जरा उसंत मिळते. पतंग संपलेले असतात, परीक्षेच्या पॅडची मागणी अजून सुरू झालेली नसते. तेव्हा मी माळा साफ करायला काढते. दरवर्षीचं काम आहे. शिडी लावायची, नाकाला ओढणी बांधायची आणि मेलेला माल खाली काढायचा. खेळण्यांच्या धंद्यात मेलेला माल म्हणजे उतरलेल्या सिनेमाची खेळणी. सिनेमा थिएटरातून गेला की त्याच्या बाहुल्या, गाड्या, पाण्याच्या बाटल्या यांना कुणी हात लावत नाही. त्या माळ्यावर जातात आणि गणपतीत मंडळांच्या स्पर्धांना बक्षीस म्हणून निघतात.

यंदा सगळ्यात आत, भिंतीला टेकलेला एक खोका निघाला. त्यात निळा गेंडा होता. खोक्याची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडली होती आणि तिच्या कोपऱ्यात एक गोल स्टिकर होता. स्टिकरवर मराठीत एकच वाक्य, खाली नाव. इंदुमती साळवे.

साळवे मॅडमना जाऊन दोन वर्षं होत आली. त्यांच्याविषयी कुणी काही लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी लिहिणारी बाई नाही, पण हा खोका आता समोर आहे आणि आज दुकान अर्धा दिवस बंदच ठेवलंय.

आमचं दुकान कोपरखैरण्यात. सासरे इथल्याच बोनकोडे गावचे. शहरासाठी सरकारने जमिनी घेतल्या, मोबदल्यात साडेबारा टक्के जमिनीचा प्लॉट परत मिळाला, त्यावर बिल्डिंग उभी राहिली आणि खालचा एक गाळा आमच्याकडे राहिला. त्यात मी खेळणी आणि शाळेचं सामान विकते. साळवे मॅडम त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या चिपळूणकडच्या. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत त्या क्लार्क होत्या, तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं. बुद्धपौर्णिमेला सोसायटीत प्रत्येक घरी त्यांच्याकडून खिरीचं भांडं जायचं आणि दुसऱ्या दिवशी त्या ते भांडं न लाजता परत मागायच्या.

हे सगळं सोसायटीला माहीत होतं. त्या एका मराठी पेपरच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या सिनेमांवर लिहितात, हे फार थोड्यांना माहीत होतं. हे काम त्यांना मिळालं तेही भांडणातून. पेपरात कुणीतरी एका कार्टून सिनेमाविषयी लिहिलं होतं की शेवटी हत्ती मरतो. मॅडमनी पत्र पाठवलं की हत्ती मरत नाही, तो झोपलेला आहे, पुढच्याच दृश्यात उठून केळं खातो. तुमचे समीक्षक बहुधा गाडी काढायला लवकर उठले. संपादकांनी फोन करून विचारलं, तुम्हीच लिहाल का? मॅडम म्हणायच्या, "मोठ्यांच्या सिनेमाला त्यांच्याकडे तिघं पुरुष होते. पोरांच्या सिनेमाला कोण जाणार? आवाज फार असतो ना."

आमची ओळख झाली ती खोक्यांवरून. मुलांचे सिनेमे शुक्रवारी लागतात, पण त्यांची खेळणी दोन-तीन आठवडे आधीच येतात. एका गुरुवारी त्या ऑफिसातून येताना दुकानात शिरल्या. काही घ्यायचं नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून एकेक खोका डोळ्यांजवळ धरून वाचत राहिल्या.

"या माकडाची मोटारसायकल वेगळी का?" त्यांनी विचारलं.

"तशीच येते. माकड वेगळं, मोटारसायकल वेगळी."

"सिनेमा जंगलातला आहे ना?"

"मला काय माहीत मॅडम, उद्या लागणार तो."

"म्हणजे मध्यांतरानंतर माकड शहरात येणार." त्यांनी पुढचा खोका उचलला. "आणि हे चित्रातलं म्हातारं कासव? याचं खेळणं नाही आलं?"

"नाही."

"मग ते मरणार बिचारं."

शनिवारी त्या सिनेमा बघून आल्या आणि जिन्याकडे जाता जाता दारातूनच म्हणाल्या, "गेलं गं कासव."

माझ्या सासूबाई तेव्हा दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या. गिऱ्हाइकांवर त्यांची नजर असे. त्यांनी मला विचारलं, "कोन हाय गं ही बाय? येतं, खोकं वाचतं न जातं. घेत काय नाय."

"आई, त्या वर राहतात. पेपरात लिहितात."

"मंग खोकं कशाला वाचतं? खोक्यांवर पन लिवतं काय?"

मॅडमनी ते ऐकलं आणि जिन्यात थांबून मनापासून हसल्या. "नाही हो आजी," त्या म्हणाल्या, "तेवढं माझ्या हातून होऊ नये."

त्या रविवारी त्यांचं परीक्षण आलं. 'मध्यांतरानंतर माकड मोटारसायकल का चालवतं, याचं उत्तर कथेत मिळत नाही. ते खेळण्यांच्या दुकानात मिळेल,' असं त्यात लिहिलं होतं. सोमवारी संध्याकाळपर्यंत माझ्या सगळ्या मोटारसायकली संपल्या. मी त्यांना तसं सांगितलं. मला वाटलं, गंमत वाटेल.

"शिव्या वाचून लोक घ्यायला आले?" त्यांनी विचारलं.

"शिव्यांत मोटारसायकलचं नाव होतं ना. माकडाची मोटारसायकल निघालीय हेच बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. एक जण तर पेपर घेऊनच आला."

त्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "बघ हं. मी चांगलं लिहिलं तर ती जाहिरात. वाईट लिहिलं तरी जाहिरात. मी गप्प बसले तर त्यांची जाहिरात आहेच. मग मी करायचं काय?"

हा प्रश्न मला विचारलेला नव्हता. तरी मी म्हटलं, "जे झालं ते लिहायचं. दुकान मी बघते."

पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या तोंडी हे वाक्य होतं. मी कुरकुर करायला लागले की त्या म्हणायच्या, "तू दुकान बघ."

दुसऱ्यांची परीक्षणं त्या वाचायच्या आणि वैतागायच्या. इतर समीक्षकांची त्यांनी दोन टोपल्यांत विभागणी केली होती. एका टोपलीतले 'ही खेळण्यांची दीड तासांची जाहिरात आहे' एवढं म्हणून मोकळे व्हायचे. दुसऱ्या टोपलीतले 'मुलांना मजा येईल' म्हणायचे आणि तीन स्टार द्यायचे. मॅडम म्हणायच्या, "पहिले सिनेमा बघत नाहीत, दुसरे मुलं बघत नाहीत."

त्या स्वतः मुलं बघायच्या. मला एकदा वाशीच्या मॉलमध्ये सकाळच्या खेळाला घेऊन गेल्या. दुकान सासूबाईंवर टाकून गेले होते, म्हणून माझं अर्धं लक्ष फोनकडे. मॅडमचं मात्र पडद्याकडेही लक्ष नव्हतं. त्या नेहमी पुढून दुसऱ्या रांगेत कडेची खुर्ची घ्यायच्या आणि थोड्या थोड्या वेळाने मागे वळून बसायच्या. पर्समध्ये चुरमुऱ्यांची पुडी असायची. आत सिनेमाची चित्रं छापलेले पॉपकॉर्नचे डबे विकायचे आणि बाहेरचं खाणं न्यायला बंदी, म्हणून गेटवरच्या वॉचमनशी दर शनिवारी तोच वाद.

"मॅडम, अलाउड नही है."

"बेटा, इस में पिक्चर की कोई फोटो नही है, इसलिए अलाउड नही है ना?"

तो हसायचा आणि सोडायचा. जाताना त्याच्या हातावर मूठभर चुरमुरे.

त्यांची कसोटी साधी होती. सिनेमात पोरं शू करायला कधी उठतात, ते बघायचं. "शू कधीही लागते, पण पोरगं ती दाबून धरतं, जर पुढे काय होणार हे त्याला बघायचं असेल," त्या म्हणाल्या. त्या दिवशी पडद्यावर मोठी लढाई चालू होती, यंत्रं एकमेकांवर आपटत होती, आणि रांगाच्या रांगा उठून बाहेर जात होत्या. मॅडम माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "ही लढाई आयांसाठी आहे. कुठली गाडी घ्यायची ते ठरवायला."

आता मॅडमच्या वाक्यांना लागणाऱ्या कात्रीविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे.

त्या नवीन असताना एका सिनेमाविषयी त्यांनी लिहिलं होतं, 'अविस्मरणीय म्हणावं असं एकही दृश्य यात नाही.' पुढच्या आठवड्यात जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापून आलं, 'अविस्मरणीय', आणि खाली पेपरचं नाव. मॅडमना ते फार लागलं. रागापेक्षाही लाज जास्त वाटली, असं त्या म्हणायच्या. तेव्हापासून त्यांनी आपल्या लिखाणाला एक शिस्त लावून घेतली. कापून पोस्टरवर लावता येईल असं एकही वाक्य लिहायचं नाही. कौतुक करायचं तर त्यात असा काटा ठेवायचा की कुठूनही कापा, हाताला टोचला पाहिजे.

ही तपासणी त्या माझ्याकडून करून घ्यायच्या. लेख लिहून झाला की खाली यायच्या, शंकेचं वाक्य वाचायच्या आणि म्हणायच्या, "काप." मी रोज खोकी वाचणारी बाई. खोक्यावर काय छापतात ते मला चांगलं कळतं.

"रंग सुंदर आहेत, पण रंगाच्या पेटीतही ते असतातच," त्या वाचायच्या.

"'रंग सुंदर आहेत'. झालं."

"अरे देवा." मग तिथेच उभं राहून पुन्हा लिहायच्या. "पेटीतले सगळे सुंदर रंग दिग्दर्शकाच्या हातून इथे सांडले आहेत. आता?"

"आता नाही जमत."

"शाब्बास," त्या म्हणायच्या. मला की स्वतःला, ते कधी कळलं नाही.

इतकी वर्षं हे चाललं. आणि मग टुबू आला.

टुबू हा निळा गेंडा आधी खेळणं होता, सिनेमा नंतर निघाला. पोटावर दाबलं की 'चलो चलो, टुबू के साथ' असं तो बोलतो, ही त्याची खासियत. कंपनीने स्वतःच पैसे घालून सिनेमा काढला. पोस्टरवर खेळण्याचं आणि सिनेमाचं नाव एकाच अक्षरात. मॅडम गुरुवारी येऊन खोका वाचून गेल्या. "याहून उघड काय असणार," म्हणाल्या. मलाही वाटलं, या रविवारी वाचायला मजा येणार.

शनिवारी दुपारी त्या आल्या आणि स्टुलावर बसल्या. चुरमुऱ्यांची पुडी तशीच होती, सोडलेलीही नव्हती.

"कुणी उठलं नाही गं," त्या म्हणाल्या.

सिनेमात एक मुलगी आहे. तिची आई जाते. कुठे जाते, परत येणार का, हे तिला कुणी सांगत नाही. घरातली मोठी माणसं विषय बदलतात, खाऊ देतात, टीव्ही लावतात. मुलगी बोलायची थांबते. तिच्याकडे टुबू आहे, पण तोही बोलत नाही. ती त्याचं पोट दाबते, पुन्हा दाबते, तो गप्प. दोघं गप्प राहून आईला शोधायला निघतात. शेवटी मुलीला कळतं की आई येणार नाही. तिचा बाप तिच्यासमोर बसून तिला तसं सांगतो. तेव्हा ती पहिल्यांदा बोलते. गेंडा शेवटपर्यंत बोलत नाही.

"खेळणं बोलतं, यावर त्यांचा सगळा धंदा," मॅडम म्हणाल्या, "आणि दीड तास त्यांनी त्याला गप्प बसवलं. त्या कंपनीत कुणीतरी या गोष्टीसाठी भांडलेलं आहे वैशाली. नोकरी पणाला लावून भांडलेलं आहे. ते भांडण मला पडद्यावर दिसलं."

मी विचारलं, "म्हणजे चांगला आहे?"

"माझ्या मागे एक मुलगी होती. तिने आईला विचारलं, तू मला सांगशील ना? आई म्हणाली, हो, सांगेन." त्यांनी चुरमुऱ्यांची पुडी पर्समध्ये ठेवली. "आणि हे बघ, मला लहानपणी खेळणं नव्हतं म्हणून मला भरून आलं, असलं काही डोक्यात आणू नकोस. होती खेळणी. भरपूर होती. त्याचा काही संबंध नाही."

संध्याकाळी त्या लेख घेऊन खाली आल्या. शेवटचं वाक्य वाचलं. 'या सिनेमाने मुलांना फसवलेलं नाही.'

मी म्हटलं, "मॅडम, हे कापायलाही नको. आख्खंच उचलतील."

"माहीत आहे."

"मग काटा?"

त्यांनी कागदाची घडी घातली. "इथे काटा घातला तर मीच खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एकदा सरळ लिहायची वेळ आली, आणि मी कात्रीच्या भीतीने लिहायचं नाही?"

लेख तसाच छापून आला. पंधरवड्याने टुबूचा नवा माल आला तेव्हा खोक्यांच्या खिडकीवर पिवळे गोल स्टिकर होते. वाक्य पूर्ण, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, आणि खाली मॅडमचं नाव. त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. मी एक खोका घेऊन वर गेले. त्यांनी तो नेहमीसारखा डोळ्यांजवळ धरून वाचला.

मी म्हटलं, "माझ्याकडचे सगळे स्टिकर मी काढून टाकते. ड्रायर लावला की निघतात."

"नको. वाक्य माझं आहे."

"पण ते सिनेमाबद्दल आहे. हे खेळण्यावर लावलंय."

"ते त्यांनी केलं. मी लिहिलं ते खरं आहे. ते कुठे चिकटवलं म्हणून खोटं होत नाही." मग त्यांनी खोका खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आजींना सांगू नकोस."

सासूबाईंना मी सांगायची गरज पडली नाही. वाचता येत नसलं तरी कुणाकडून तरी त्यांनी वाचून घेतलं. मॅडम जिन्यातून उतरल्या तेव्हा त्या म्हणाल्याच, "लिवलं ना बाय शेवटी खोक्यावर?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मॅडम या वेळी हसल्या नाहीत.

पेपरात पत्रं यायला लागली. साळवेबाई विकल्या गेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं आणि शेवटी स्वतःचा भाव लावला. मग कुणीतरी फोटो काढला. मॅडम माझ्या दुकानात स्टुलावर बसल्या आहेत आणि मागे टुबूच्या खोक्यांची चळत आहे. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. सोसायटीच्या ग्रुपवरही आला. ज्यांना त्या लिहितात हे कधी माहीत नव्हतं, त्यांना त्या पैसे खातात हे मात्र माहीत झालं.

त्याच महिन्यात वाशीच्या एका वाचनालयात 'बालचित्रपट आणि बाजार' अशी चर्चा ठेवली होती. मॅडमना आधीच बोलावलेलं होतं. मी म्हटलं, जाऊ नका. त्या म्हणाल्या, "नाही गेले तर फोटो खरा ठरेल." मी त्यांच्याबरोबर गेले आणि मागे बसले.

एक ज्येष्ठ समीक्षक अध्यक्ष होते. गृहस्थ अभ्यासू होते, वाईट नव्हते. पण त्यांचा मुद्दा पक्का होता. विकण्यासाठी काढलेला सिनेमा हा सिनेमाच नव्हे, तो कितीही चांगला केला तरी जाहिरातच. आणि समीक्षकाने त्याला चांगलं म्हणणं म्हणजे दुकानदाराच्या हातात माप देणं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते मॅडमकडे वळून हसत म्हणाले, "अर्थात, साळवेबाईंच्या बिल्डिंगखालीच खेळण्यांचं दुकान आहे म्हणे. तेव्हा त्यांची अडचण मी समजू शकतो."

हॉल हसला. मॅडम उठल्या. गुडघे दुखायचे, त्यामुळे टेबलाला धरून उठल्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. माझे दात मात्र माझेच आहेत."

पुन्हा हसू आलं, पण आता ते त्यांच्या बाजूचं होतं. त्या हसू संपेपर्यंत थांबल्या.

"जाहिरात आहे हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "समोर बसलेल्या चार वर्षांच्या पोराला पण माहीत असतं. ते सिनेमा संपल्यावर दुकानात जाऊन नाव घेऊन मागतं. मुलाला विकणं वेगळं आणि मुलाला फसवणं वेगळं. विकत नाही असे पुष्कळ सिनेमे आहेत आपल्याकडे, बक्षिसं मिळालेले. त्यांत आई देवाघरी जाते आणि चांदणी होते. मी त्यांच्यावरही लिहिलंय. तेव्हा कुणी माझ्या घराखाली काय आहे ते विचारलं नाही."

आणि त्या बसल्या. टाळ्या थोड्याच वाजल्या. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "दाताचं बोलायला नको होतं. लोक तेवढंच घेऊन गेले." आणि थोड्या वेळाने, "तेही कापलंच त्यांनी."

संपादकांचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच होते. हिशोब साधा होता. पेपरचं नाव खराब होतंय, एक खुलासा छापू. मॅडम म्हणाल्या, छापा. वाक्य परवानगीशिवाय वापरलंय, मला त्यातून काही मिळालेलं नाही, हे छापा. पलीकडून आणखी काही बोलणं झालं. मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी सांगितलं, "नाही. घाईत लिहिलं असं मी म्हणणार नाही. पुन्हा बघितला, आता तसं वाटत नाही, असंही म्हणणार नाही. सिनेमा दोनदा बघितलाय मी. दुसऱ्यांदाही कुणी उठलं नाही."

फोन ठेवून त्यांनी गॅसवरचा चहा गाळला. मला कप दिला. "सदर बंद झालं," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या जागी पुरवणीत स्टारांचा चौकोन सुरू झाला. लेख नाही, नुसते स्टार.

हे सदर म्हणजे त्यांचं काय होतं, ते मला तोवर नीट समजलं नव्हतं. मी कामाची बाई, मला वाटलं, चला, शनिवारची दगदग तरी वाचली. पण पहिल्या रविवारी त्या सकाळी खाली आल्या, पेपरवाल्याने टाकलेल्या गठ्ठ्यातून पुरवणी काढली, पान उघडलं आणि उभ्याउभ्या तो चौकोन बघत राहिल्या. पुरवणी घडी घालून जागेवर ठेवली आणि वर गेल्या. कचेरीतून निवृत्त झाल्या तेव्हा त्या अशा दिसल्या नव्हत्या. तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते.

मग त्यांनी एक केलं. सिनेमे बघणं सोडलं नाही. गुरुवारी येऊन खोकी वाचायची, शनिवारी स्वतःचं तिकीट काढून जायचं, चुरमुऱ्यांवरून भांडायचं आणि परत आल्यावर स्टुलावर बसून मला सगळं परीक्षण तोंडी सांगायचं. खोकी काढता काढता मी ऐकायचे. कुठलंसं वाक्य फार छान झालं की सवयीने थांबायच्या आणि म्हणायच्या, "काप." मी कापून दाखवायचे. त्या ते दुरुस्त करायच्या. ऐकायला मी एकटी, छापायला कुणी नाही, तरी दुरुस्त करायच्या.

आता काही आया खेळणं घेण्याआधी मला विचारायला लागल्या होत्या, "त्या बाई काय म्हणाल्या?" मी सांगायचे. कधी माझा माल त्यामुळे पडून राहिला, कधी गेला. त्यात माझं काही मोठं नुकसान झालं नाही.

मॅडमचे गुडघे फारच बिघडले तेव्हा त्यांची भाची त्यांना उरणला घेऊन गेली. जाण्याआधीच्या शनिवारी त्या म्हणाल्या, "चल, एकदा येतेस?" मी गेले. सिनेमा साधारणच होता. उडणाऱ्या बसगाड्यांचा. प्रत्येक बसचा रंग वेगळा, त्यामुळे त्या सगळ्या माझ्याकडे आधीच आल्या होत्या. मध्यांतरानंतर मला दुकान उघडायला निघायचं होतं. मी खुणेने सांगितलं आणि बाजूच्या पायऱ्या चढून मागच्या दाराशी आले. दार ढकलण्याआधी एकदा वळून बघितलं.

अख्ख्या हॉलमधली डोकी मला पाठीमागून दिसत होती, वेण्या, टोप्या, आयांचे अंबाडे, सगळी पडद्याकडे. पुढून दुसऱ्या रांगेत मात्र एकच चेहरा माझ्या दिशेला होता. मॅडम खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे वळून बसल्या होत्या आणि मुलांच्या तोंडांकडे बघत होत्या. पडद्याचा उजेड त्यांच्या पाठीमागून येत होता, लाल, मग निळा, मग पिवळा. माझ्याकडे लक्ष गेल्यावर त्यांनी हात उचलून खूण केली. जा, दुकान बघ.

उरणहून त्यांचे फोन यायचे. तिथे जवळ थिएटर नाही, म्हणायच्या, पण समोरची पोरं अंगणात सिनेमा खेळतात, तो बघते. त्या गेल्याचा फोन भाचीने केला.

तर हा खोका. आज दुपारी मी तो पुसला आणि खिडकीवरूनच गेंड्याचं पोट दाबून बघितलं. गेंडा गप्प. सेल कधीच संपले असणार. क्षणभर वाटलं, असाच राहू दे, सिनेमातल्यासारखा. पण तो सिनेमा नाही, खेळणं आहे. खोक्यावर 'बोलतो' असं छापलंय.

१८ जानेवारी. आज सकाळी मी दुकान उघडण्याआधी खोक्याची मागची बाजू सोडली, जुने सेल काढले, गंज खरवडला आणि नवे बसवले. दाबलं. तो बोलला. स्टिकरला हात लावला नाही. खोका पुन्हा बंद करून खालच्या फळीवर, मुलांच्या डोळ्यांसमोर येईल असा ठेवला आणि शटर वर केलं.